हिराजीमामांचा टिचभर माइक

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या कोणाला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या हिराजी म्हात्र्यांनाही नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. नायगावच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावात कोणी त्या सभेचा विषय काढलाच, तर अजून म्हणतात, "हिराजीच्या माइकनं घात केला." खोटं आहे ते. माइक उत्तम होता. घात मी केला. शर्टाच्या खिशात हात घालून, अंगठ्याच्या नखाने केला आणि त्याला दोन सेकंदही लागले नाहीत.

आधी माणूस सांगतो, मग पाप.

मी तेव्हा नायगावला प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि विरारला फुलपाड्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. शाळेकडून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिराजीमामांची पत्र्याची टपरी होती. वर पाटी: "येथे माइक मिळेल". बस, एवढंच. दुकानाचं नाव नाही, मालकाचं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव कशाला, मास्तर? गावात दुसरा माइक कोनाकडं हाय?"

लग्न, हळद, गणपती, शाळेचा पंधरा ऑगस्ट, सगळीकडे त्यांचे भोंगे. एरवी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पुढे पुढे मोबाइलची दुरुस्ती. घराणं मिठागरात राबलेलं. खारट पाण्यात उभं राहून लहानपणीच टाचा फुटल्या होत्या, त्या पुढे कधी भरल्या नाहीत. खाकी अर्धी चड्डी आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा. कानावर पेन्सिल कायम, पण त्या पेन्सिलीने त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. ती रेडिओच्या पोटात टोचून बघायला होती. "लाकडाला करंट लागत नाय," एवढाच खुलासा.

भोंग्यांचा धंदा करणारा हा माणूस बोलायचा मात्र इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. कोणी म्हटलं, मामा, जरा मोठ्याने बोला की, तर म्हणायचे, "ओरडायला भोंगा हाय ना. मी कशाला?"

त्यांना संताप यायचा तो माइकवर फुंकणाऱ्यांचा. आपल्याकडे माणूस माइकसमोर उभा राहिला की आधी फू फू करतो, मग टिचकी मारतो, मग हॅलो हॅलो. एका सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत एक पुढारी आले होते. त्यांनी अशी फुंकर घातली की पहिल्या रांगेतली पहिलीची मुलं दचकली. हिराजीमामा ॲम्प्लिफायर सोडून उठले, शांतपणे स्टेजवर चढले, सदऱ्याच्या टोकाने माइकची जाळी पुसली आणि पुढाऱ्यांच्या हातात परत देत त्या हळू आवाजात म्हणाले, "साहेब, चूल नाय ती, फुंकायला. तो जागाच असतो." माइक चालूच होता. सगळ्या मैदानाने ऐकलं. आमचे मुख्याध्यापक घामाघूम झाले. पुढे दोन वर्षं शाळेचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं असं ठरलं, पण दुसरा कोणी नव्हताच, म्हणून पुन्हा हिराजीमामाच आले आणि पुन्हा कोणीतरी फुंकलंच.

माझी त्यांच्याशी खरी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या बहिणीची नात माझ्या वर्गात, तिसरीत. निबंधात तिने सगळीकडे "पानी" लिहिलं होतं. मी लाल पेनाने प्रत्येक "पानी"भोवती गोल केला. सात-आठ गोल असतील. मला त्यात काही वाटलं नव्हतं. कोकणातून आलेला, पुस्तकी बोलणारा मास्तर मी. शुद्ध लिहायला शिकवणं हे माझं कामच होतं.

मधल्या सुट्टीत हिराजीमामा वही घेऊन थेट शिक्षकांच्या खोलीत आले.

"मास्तर, ही चूक कसली?"

"मामा, पाणी असं लिहितात. ण बाणाचा."

"कोन लिहितात?"

"पुस्तकात तसंच असतं."

"पुस्तकवाला तहानला आन आमच्या विहिरीवर आला, तर पानी पेल, का ण बानाची विहीर शोधत फिरंल?"

सगळे हसले. मीही हसलो. ते मात्र हसले नाहीत. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "लिवायला शिकवा. जरूर शिकवा. पन चूक बोलू नका. हिची आजी घरात असंच बोलते. उद्या पोरीला वाटंल, आजीच चुकीची हाय."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. माइकवाल्याने मला शिकवावं? पण दुसऱ्या दिवशी मी ते गोल तसेच ठेवून समासात लिहिलं, "पुस्तकात: पाणी". मामांनी ती वही मागवून पाहिली असं मुलीने सांगितलं. त्या आठवड्यात मी टपरीवरून जाताना त्यांनी पहिल्यांदा हाक मारून चहा दिला.

मग काही वर्षांनी मी आवाज रेकॉर्ड होणारा, मेमरी कार्डवाला मोबाइल घेतला. शाळेत तसा फोन माझाच पहिला. मिरवायला गेलो तो मामांकडेच. त्यांची एक आत्या होती, जानकीआत्या. ती धवलारीण होती. त्यांच्या लोकांत लग्नातले निम्मे विधी ही बाईच धवले गाऊन करवते, भटजी नंतर येतो. तिचे धवले ह्या फोनमध्ये साठवू, अशी माझी कल्पना. आम्ही तिच्या ओटीवर गेलो, ती अर्धा तास गायली आणि रेकॉर्डिंगमध्ये काय आलं, तर वारा, एक कोंबडी आणि फार लांबून कोणीतरी म्हातारी.

हिराजीमामांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, हा फोन आपमतलबी हाय. मालकाच्या तोंडापुरतं ऐकतो. दुसऱ्याचं ऐकायचं तर याला बाहेरून कान लावाया पायजे."

तो कान त्यांनी चार दिवसांत बनवला. एका मोडक्या हँड्सफ्रीची वायर पिनेसकट कापली. तिच्या दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या कॉर्डलेस फोनमधली वाटाण्याएवढी माइकची गोळी डाख देऊन जोडली. गोळी बसवली बॉलपेनच्या कापलेल्या नळीत. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून तिच्या तोंडावर पावडर लावायच्या पफाचा तुकडा दोऱ्याने बांधला. पफ कोणाचा ते दुसऱ्या दिवशी कळलं. यमुनामामी टपरीवर येऊन भर रस्त्यात ओरडत होत्या, "इतक्या वर्षांत पावडर आनली नाय ती नाय, आता पफ पन नेला! उद्या माझी चोली कापून भोंग्याला लावा!"

मामा मान खाली घालून मला पिन दाखवत होते. "हे बगा. पिन आत गेली की फोन सोताचा कान बंद करतो आन ह्या वायरनंच ऐकतो. पन पुरी जायाला पायजे. शेवटाला टक् लागलं पायजे बोटाला. अर्धी राहिली तर फोनला वाटतं कान लावलेला हाय, आन कान तर तुटलेला. मंग तो ना घरचं ऐकतो ना दारचं. गप बसून ऱ्हातो, पन घड्याळ मात्र चालू दिसतं. फसवतो."

ही एवढी अक्कल त्यांनीच मला दिली. जगात ती त्या वेळी बहुधा त्यांना आणि मलाच होती.

त्या टिचभर माइकने जानकीआत्या अशी उतरली की तिच्या बांगड्यांची किणकिणसुद्धा ऐकू यावी. तिला ऐकवलं तेव्हा ती फोनकडे संशयाने बघत म्हणाली, "कोन बाय गाते ही?"

"तूच की, आत्या."

"चल! माझा गला असा फुटका हाय?"

थोडं ऐकून मग तिचा चेहरा बदलला. "दम लागतोय रं हिला. बसवा कोनी तिला. पानी द्या."

त्या वर्षात आम्ही तिचे बरेच धवले घेतले. रविवारी मी फोन आणायचो, मामा माइक आणायचे. मी पिन लावायचो आणि दर वेळी ते विचारायचे, "टक् लागलं?" मी म्हणायचो, लागलं. मग ते मला "एक दोन" म्हणायला लावून, ते ऐकूनच आत्याला खूण करायचे. मला वाटतं, आयुष्यात कोणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता. घरचा वायरमन असावा तसं मी त्यांच्या घरात वावरत होतो.

आता वाटेचं सांगतो.

गावातून खाडीवर जायला एक वाट होती. शेतांच्या बांधांवरून जायची. बाया ओहोटीला त्या वाटेने उतरायच्या, कालवं काढायच्या, निवट्या म्हणजे चिखलातले मासे आणि चिंबोऱ्या धरायच्या. काहींचं घर त्यावर चालायचं. जानकीआत्यासुद्धा सत्तरीत मासळीची पाटी घेऊन जायची. दोन्ही बाजूंची शेतं एका बिल्डरने घेतली, इमारती उठू लागल्या आणि एक दिवस वाटेच्या तोंडाशी विटांचा ढीग पडला. कागदावर ती वाट नव्हतीच. पिढ्यान्‌पिढ्या पायांनीच ती राखलेली. वसईतल्या एका वकिलाने सांगितलं, वहिवाट आहे हे खरं, पण बिल्डरच्या माणसाने चार लोकांत कबूल केलंय असं काही हाती असेल तर बळ येईल.

बिल्डरचा माणूस एकदा सभेला आला. चष्मेवाला, नम्र, बोलणं लोण्यासारखं. हिराजीमामांनी ॲम्प्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडून ठेवला होता. त्याने तो पाहिला आणि हसून म्हणाला, "अहो, हे कशाला? आपण घरचीच माणसं." चहा प्यायला, हवापाण्यावर बोलला आणि गेला.

तेव्हा तो टिचभर माइक सगळ्यांना आठवला. पुढच्या सभेला भोंगे नाहीत, टेप नाही. मी मास्तर, म्हणून गावात कुठेही मला पाहुण्याशेजारची खुर्ची. माइक माझ्या शर्टाच्या आत, दुसऱ्या बटणामागे. वायर आतून खिशात. फोन माझा, माइक मामांचा. ठरलं.

जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते असं, की त्याच बिल्डरच्या तिथल्याच एका इमारतीत मी फ्लॅट बुक केला होता. मामांना मी ते सांगितलं नव्हतं. फुलपाड्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आम्ही पाच वर्षांत चार खोल्या बदलल्या होत्या. टँकरच्या रांगेत बायको पोटुशी असताना उभी राहिली होती. हे कारण म्हणून सांगतो आहे, सबब म्हणून नाही. सबब त्याला नाही.

सभा देवळाच्या अंगणात, रविवारी सकाळी. आधी टपरीत चाचणी झाली. मी खिशातला फोन चालू करून म्हटलं, "एक, दोन, तीन, मामा आज चहा पाजणार." मामांनी ते कानाशी लावून ऐकलं आणि हसले. "पकडलंच की यानं मला. पाजावा लागंल."

देवळाबाहेरच्या नळावर मी पाय धूत होतो, तिथे तो चष्मेवाला आला.

"नमस्कार, सर. तुमचं बुकिंग आपल्याकडेच ना? बी विंग, चौथा मजला. छान निवड. खाडी दिसते बाल्कनीतून."

मी मान हलवली.

"पझेशन वेळेवर देऊच. आता ही मंडळी कोर्टात गेली, स्टे आला, तर मात्र सगळंच लटकतं. तुमच्यासारख्या नोकरदारांचे हाल होतात हो. बाकी काय, वहिनी बऱ्या आहेत ना?"

बस. त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. धमकी दिली नाही, लाच दिली नाही. आज इतक्या वर्षांनी त्याची आठवण आली की माझं डोकं तापतं ते ह्यासाठीच. त्याने काही मागितलं असतं तर मी कदाचित नाही म्हणालो असतो. त्याने फक्त वहिनींची चौकशी केली. बाकीचं सगळं मीच त्याला नेऊन दिलं.

सभा सुरू झाली. मी खिशात हात घातला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि त्याच अंगठ्याच्या नखाने पिन ओढली. पुरी नाही. अर्धी. समोर दहा हातांवर मामा जमिनीवर बसले होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, टक्? मी मान हलवली. लागलं.

आणि ऐका, हे एकदाच केलं असंही नाही. चाळीस मिनिटं माझा हात खिशात होता. चाळीस मिनिटं ती पिन माझ्या बोटाखाली होती. जरा ढकलायची होती. जानकीआत्या काठी टेकत उठली आणि म्हणाली, "बाबा, बाकी काय नको. वाट ऱ्हाईल का नाय, तेवढं सांग." त्याने दोन्ही हात जोडले आणि स्वच्छ, खणखणीत म्हणाला, "आत्या, काळजी करू नका. तुमची वाट राहील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिराजीमामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सापडलं! मीही हसलो. तेव्हासुद्धा पिन माझ्या बोटाखालीच होती.

दुपारी टपरीसमोर सगळं गाव जमलं. मामांनी फोन छोट्या भोंग्याला जोडला. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, फोनवर आकडा बरोबर दिसत होता. आतून नुसतं सूंऽऽ. ते पुढे नेऊन पाहिलं, मागे नेऊन पाहिलं. सूंऽऽ. आधी कोणी तरी हसलं. मग पदमन नावाचा त्यांचाच चुलतभाऊ म्हणाला, "टिचभर माइक आन ऐट बघा हातभर!"

मामांनी तोच माइक, तोच फोन घेतला, पिन आत लोटली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एक, दोन." ऐकवलं. आवाज लख्ख आला.

त्यानेच घात झाला. बिघडला असता तर लोकांनी बिघडला म्हणून सोडलं असतं. पदमन म्हणाला, "म्हंजे चालतो. मंग सभेतच बरा झोपला?" मागून एक बाई बोलली, "हिराजीचा जावई तिथं साइटवर सुपरवायझर लागनार व्हता नं?"

कोणी तिला गप्प केलं नाही. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक हळदीला भोंगा लावला, त्याच्याबद्दल हे बोललं गेलं आणि वीस-पंचवीस माणसं जमिनीकडे बघत उभी राहिली. माझ्याकडे कोणाचीच नजर गेली नाही. मास्तर ना मी! त्या गावात मास्तरावर संशय घ्यायची पद्धत नव्हती. मला त्या लोकांचा आजही राग येतो. पण मला तो राग यायचा काय अधिकार?

हिराजीमामांनी पाहिलं माझ्याकडे. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पिन सैल झाली असंल. खुर्चीत हलताना."

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी कुठल्याही बाजूला जाऊ शकत होतो.

"असेल, मामा," मी म्हणालो.

आणखी एक संधी आली होती, तीही सांगून टाकतो. प्रकरण तहसील कचेरीत गेलं. आम्ही सात-आठ जण, समोर तो चष्मेवाला. जानकीआत्याने सांगितलं, हा बोलला, तुमची वाट राहील. तो माणूस दुखावल्यासारखा झाला.

"साहेब, माझा शब्द मी कसा विसरेन? मी म्हणालो, केव्हाही ऑफिसात या, बसून बोलू, मी तुमची वाट पाहीन." मग अधिकाऱ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "ह्या लोकांचं जरा बोलण्यात, ऐकण्यात इकडचं तिकडे होतं. आता पाण्याला पानी म्हणतात. दोष नाही त्यांचा."

अधिकारी हसला. त्याच्या बाजूचा कारकून हसला. आपल्या भाषेत वाट राहते आणि वाट पाहतातही, त्या दोन अक्षरांच्या फटीतून तो माणूस सगळ्या गावाला चकवून निसटला.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही शेजारीच बसला होता म्हणे. तुम्ही काय ऐकलंत?"

"मला नक्की आठवत नाही, साहेब. गडबड होती."

मी असं म्हणालो. माझ्या तोंडाने. ह्यात पिन नव्हती, माइक नव्हता.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मामा माझ्याजवळ आले. जानकीआत्याला दुसऱ्या कोणी धरलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, ण बानाचा तुमाला बरोबर ऐकू येतो. राहील ऐकू आलं नाय?"

ते थांबले, मी बोलतो का ते पाहिलं आणि पुढे गेले. आमचं ते शेवटचं बोलणं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. टपरीसमोर "एक, दोन" म्हटलं तेव्हाच कळलं असणार. तरी त्यांनी गावात माझं नाव घेतलं नाही. मला कधी कधी त्यांचाही राग येतो, का नाही ओरडलात? चारचौघांत माझी कॉलर का नाही धरलीत? आयुष्यभर हळू बोलायची ही कसली खोड?

वाटेवर भिंत उभी राहिली. बाया आता हायवेच्या बाजूने लांबचा वळसा घालून खाडीवर जातात. ज्यांच्याने चालवत नाही त्या जात नाहीत. हळदीला बाहेरचे डीजे येऊ लागले. टपरीवरची पाटी कोणी काढली ते मला माहीत नाही, एक दिवस ती दिसली नाही. मला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, वेळेवर. बाल्कनीतून खाडी दिसते. तो माणूस एवढं मात्र खरं बोलला होता.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी हिराजीमामा गेले. दहाव्याला मी मागे उभा होतो. यमुनामामींनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, आलात? बरं वाटलं. तुमच्याबद्दल कदी वाकडं बोलले नाय ते. धवल्याच्या कामात तुमी किती खपलात, सांगायचे सगल्यांना." म्हणजे घरातसुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. ज्या बाईचा पफ कापून तो माइक झाला, तिलाही नाही. नवऱ्याचा माइक ऐन वेळी झोपला, असंच त्या समजून आहेत. आजही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही महिने, आमच्या इमारतीच्या गेटवर. सकाळची वेळ. मी शाळेत जायला स्कूटर काढत होतो. मामा गेटपाशी उभे होते, हातात मासळीची रिकामी पाटी. ओहोटीची वेळ होती. जानकीआत्या तेव्हा अंथरुणावर होती आणि तिने निवट्यांचं कालवण मागितलं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या आवारातून मागच्या बाजूला खाडीकडे एक लोखंडी दार आहे, कधीमधी उघडं असतं. तेवढ्यापुरतं जाऊ देतील असं त्यांना वाटलं असावं. जुनी वाट तिथूनच तर जात होती.

चौकीदाराने वही पुढे केली. "किधर जाना है? किसके घर?"

मामांनी पेन हातात घेतलं. मग त्यांनी आत पाहिलं आणि मी दिसलो. आमच्यात दहा पावलंही नसतील. माझं नाव लिहायचं होतं फक्त. किंवा मी म्हणायचं होतं, सोड रे, माझ्याकडे आलेत. चौकीदार रोज मला सलाम करायचा, एका शब्दावर त्याने सोडलं असतं.

मी खाली वाकलो आणि स्कूटरच्या चाकातली हवा दाबून पाहू लागलो. हवा ठीक होती.

"बाबा, किसके यहाँ?" चौकीदाराने पुन्हा विचारलं.

"कोनाकडं नाय," मामा म्हणाले. पेन वहीवर ठेवल्याचा आवाज आला. मी मान वर केली तेव्हा ते रस्त्याला लागले होते. पाटी एका हातात, पेन्सिल कानावर, त्या फुटक्या टाचा. हायवेच्या दिशेने, लांबच्या वळशाने.

हे इथे लिहिलं म्हणजे झालं, असं मी समजत नाही. हे वाचणारे वेगळे आणि ज्यांनी ऐकायला हवं ते वेगळे. यमुनामामी आहेत. पदमन आहे. ती मागून बोललेली बाईही आहे. त्याच देवळाच्या अंगणात त्या सगळ्यांसमोर उभं राहून मला दोन वाक्यं मोठ्याने बोलायची आहेत. पिन मी ओढली होती. आणि तो माणूस "राहील" असंच म्हणाला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. एवढं मी हिराजीमामांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.